वाकसाचे घाव

श्रोतेहो, नमस्कार.

आमचे आजोबा कणकवलीकडचे सुतार. त्यांच्या हाताखाली लहानपणी मी एकच गोष्ट नीट शिकलो, ती म्हणजे वाकसाचा, लाकूड तासायच्या त्या हत्याराचा, घाव ओळखणं. रंधा मारला की लाकूड गुळगुळीत होतं आणि काम कुणाचं ते कळेनासं होतं. वाकसाने तासलेल्या फळीवर मात्र माणसाचा हात राहतो. उथळ वाटीसारखे घाव, एकाला लागून एक. आजोबा त्यावरून नुसती बोटं फिरवायचे आणि सांगायचे, हा अमक्याचा हात.

मुलाकडे कॅनडाला गेलो होतो, तेव्हा व्हिक्टोरिया शहरात हे घाव पुन्हा दिसले. तिथल्या मोठ्या संग्रहालयाला लागून थंडरबर्ड पार्क नावाची छोटी बाग आहे. बागेत तांबड्या सीडरच्या लाकडाचं एक घर, समोर उंच कोरीव खांब. पाऊस भुरभुरत होता आणि ओल्या फळ्यांवर वाकसाच्या घावांच्या ओळी मासोळीच्या खवल्यांसारख्या उठून दिसत होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, चला, संग्रहालय बंद होईल." म्हटलं, होऊ दे.

ते घर मंगो मार्टिन यांनी बांधलं. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

मार्टिन यांचा जन्म 1879 चा, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेकडच्या फोर्ट रूपर्ट गावचा. त्यांचा समाज क्वाक्वाकावाक्व, म्हणजे क्वाकवाला भाषा बोलणारे लोक. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते. मंगोच्या आईने ते काम सटवाईवर सोडलं नाही. सांगतात ते असं, की तान्ह्या मंगोच्या पापण्यांचे केस घेऊन रंगाच्या कुंचल्यात बांधले, म्हणजे पोर कारागीर होईल. आणि त्याला लाकडी पेटीच्या ढोलात ठेवून वरून थाप दिली, म्हणजे पोर गाणी रचील. पुढे दोन्ही खरं झालं. कोरीव काम त्यांनी सावत्र वडिलांकडून, चार्ली जेम्स यांच्याकडून उचललं.

कुंचला आणि ढोल एकाच पोराच्या वाट्याला का, हे मला मुखवटे पाहिल्यावर उमगलं. हामात्सा नावाच्या त्यांच्या नाचात नरभक्षक पक्ष्यांचे मुखवटे असतात. त्यातल्या काहींची चोच हातभराहून लांब. खालचा जबडा बिजागरीवर, त्याला दोरी. सीडरच्या सालीची तांबडी झालर मुखवट्यावरून खाली लोंबते आणि नाचणाऱ्याचं अंग व हात झाकते. मधे आग पेटलेली. नाचणारा उकिडवा बसतो, मान झटकन फिरवतो, दोरी ओढतो आणि चोच खाडकन मिटते. तो आवाज गाण्याच्या ठेक्यावरच पडावा लागतो. एवढं लाकूड डोक्यावर घेऊन मान कुठे दुखते, दोरी किती ओढली की जबडा अडकतो, हे नाचलेल्या माणसालाच ठाऊक. म्हणून कोरणारा नाचणारा असावा लागतो. आणि नाच कुणीही नाचायचा नाही. नाव, गाणं, मुखवटा हे सगळं वारशाने किंवा लग्नातून येतं. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल, तिथेही सोंगाचा मान घराण्यात चालत येतो.

हा हक्क मांडायची जागा म्हणजे पॉटलॅच. नाव ठेवणं, लग्न, मृत्यूनंतरचे विधी, सगळं त्यात. पाहुणे साक्षीला येतात आणि यजमान त्यांना भेटी देतो. उलटा आहेरच म्हणा. जितकं वाटाल तितका मान मोठा. कॅनडाच्या सरकारला ही उधळपट्टी वाटली, मिशनऱ्यांना अधर्म वाटला. 1884 मध्ये बंदीचा कायदा झाला. मार्टिन तेव्हा पाच वर्षांचे होते. तो कायदा उठायला ते सत्तरी ओलांडून गेलेले होते.

1921 च्या डिसेंबरात व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅन्मर यांनी मोठा पॉटलॅच केला. त्यावर 45 जणांवर खटले भरले गेले. गुन्हे ऐका : भाषण करणं, नाचणं, भेटवस्तू मांडून ठेवणं, त्या पाहुण्यांच्या हाती देणं. मुखवटे, ढोल, तांब्याच्या ढाली सरकारजमा करा, नाहीतर तुरुंगात जा, असा सौदा पुढे ठेवला गेला. वीसेक बायापुरुष तुरुंगात गेले. सहाशेहून जास्त वस्तू गेल्या. बऱ्याचशा ओटावाच्या संग्रहालयात, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकल्या. मुखवटा खुंटीला टांगलेला राहिला तरी एक वेळ चालेल, पण त्याचं गाणं गाणारा म्हातारा होत जातो, याला काय करायचं?

मार्टिन या काळात मासेमारीवर पोट भरत होते. वादळी हवेत, आडगावी, पोलिसांची बोट पोचणार नाही अशा वेळी लोक पॉटलॅच करतच राहिले. 1951 मध्ये सुधारित कायद्यातून ते कलम गाळलं गेलं. त्याच वर्षी इडा हाल्पर्न या संगीत-अभ्यासक बाईंसमोर बसून मार्टिन यांनी 124 गाणी ध्वनिमुद्रित केली. या बाई नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून आलेल्या. 124 गाणी, श्रोतेहो, सगळी तोंडपाठ! बंदीची सगळी वर्षं ती या एका माणसाने मनात धरून ठेवली होती. रेडिओवर बोलताना मला त्या ध्वनिफितींचं विशेष वाटतं.

1952 मध्ये त्यांना व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाने बोलावलं. जुने खांब कुजत चालले होते, त्यांच्या प्रती करायच्या होत्या. मार्टिन यांनी त्या बागेतच काम मांडलं, येणारेजाणारे उभे राहून बघत. शेजारी जावई हेन्री हंट हत्यार धरायला शिकत होता, पुढे नातू टोनी आला. त्यांच्या पत्नी अबाया विणकर होत्या. 1956 मध्ये जवळच्याच बीकन हिल पार्कात 127 फुटांचा खांब उभा राहिला, तो मार्टिन यांच्याच देखरेखीखाली.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे घर. वावादित्ला त्याचं नाव. अर्थ असा की, हा लोकांना आत यायला फर्मावतो. फोर्ट रूपर्टच्या जुन्या घराची ही धाकटी आवृत्ती. समोरच्या खांबावर त्यांनी केवळ आपल्या घराण्याची चिन्हं न कोरता सगळ्या क्वाक्वाकावाक्व लोकांचा मान राखणारी कोरली. 1953 च्या डिसेंबरात घराची वास्तुशांत म्हणून त्यांनी पॉटलॅच केला. बंदीनंतरचा पहिला उघड पॉटलॅच, तोही प्रांताच्या राजधानीत, विधानसभेपासून हाकेच्या अंतरावर. साक्षीला पाहुणे होते आणि या वेळी कुणालाही तुरुंगात जावं लागलं नाही.

मार्टिन 1962 मध्ये गेले. जप्त झालेले मुखवटे परत यायला 1979 उजाडलं. अलर्ट बे गावी त्या मुखवट्यांसाठी 1980 मध्ये जे केंद्र उघडलं, त्याचं नाव उमिस्ता. शत्रूने पळवून नेलेला माणूस घरी परत आला की त्या परतण्याला हा शब्द वापरत. तिथे ते मुखवटे काचेच्या कपाटात ठेवत नाहीत. उघड्यावर ठेवतात.

त्याच अलर्ट बेच्या दफनभूमीत मार्टिन यांच्या स्मरणार्थ एक खांब आहे. 1970 मध्ये तो उभारला. कोरला जावई हेन्रीने आणि त्याच्या मुलांनी.