नळीच्या तोंडाशी

(कॅमेरा नळ्यांच्या जुडग्यावरून वर चढतो)

एकेक नळी 23 मीटरची. कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअ‍ॅक्टर या अणुभट्टीला असे आठ स्टीम जनरेटर, म्हणजे पाण्याची वाफ करणारी यंत्रं, आणि प्रत्येकात 547 नळ्या. नळ्यांच्या बाहेरून वितळलेलं सोडियम खाली उतरतं, 525 अंशांवरून 355 पर्यंत निवत. आतून पाणी वर चढतं: शिरताना 235 अंश, निघताना सुमारे 490 अंशांची कोरडी वाफ. मध्ये पाणी आणि वाफ वेगळं करणारा ड्रम नाही, फेरे नाहीत. जे व्हायचं ते एकाच चढणीत.

(काचेच्या नळीतला प्रयोग, संथ गतीत)

बुडबुड्यांवर नजर ठेवा. क्षणभर पाणी कमी आलं. उष्णता तेवढीच, म्हणून ते लवकर उकळलं आणि विरळ मिश्रणाचा एक पट्टा वर निघाला. तो वर पोचायला वेळ लागतो. तोवर खालचा प्रवाह पुन्हा बदललेला असतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी मागून रेटा द्यावा, तसा हा उशिरा आलेला दाब प्रवाहाला रेटतो. एका हेलकाव्याला, पाण्याला नळी पार करायला लागतो त्याच्या साधारण दीड-दोनपट वेळ. हीच डेन्सिटी वेव्ह, घनतेची लाट.

(फ्लोमीटर, मग तापमानाचा आलेख)

एकूण प्रवाह मोजणारा मुख्य फ्लोमीटर मात्र ढिम्म! नळ्या समांतर, एकीत पाणी घटलं की शेजारणींमध्ये वाढतं, बेरीज तीच. चोरी पकडते ती तापमान मोजणारी थर्मोकपल.

(तळहातावर ऑरिफिस)

उपाय एवढासाच. नळीच्या तोंडाशी बारीक छिद्र. वाफ होण्याआधीच, निव्वळ पाण्याला अडवायचं. हा अडथळा प्रवाहाबरोबर तिथल्या तिथे वाढतो, घटतो, रेंगाळत नाही. त्यामुळे हेलकावा दमतो. पण छिद्र किती बारीक? फार आवळलं तर नळ्यांत पाणी ढकलणाऱ्या फीड पंपाला फुकटचा भार. सैल सोडलं तर कमी लोडवर पंचाईत, कारण प्रवाह निम्मा झाला की छिद्रातला दाबाचा फरक चौथाईवर येतो. आधार हवा असतो तेव्हाच तो पातळ होतो.

(चाचणी संच, पायथ्यापासून माथ्यापर्यंत)

म्हणून हा संच. इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, 5.5 मेगावॅट. नळ्या 19च, पण लांबी पूर्ण 23 मीटर. नळ्या कमी केल्या, उंची केली नाही. हेलकाव्याचं गणितच पाण्याच्या प्रवासावर चालतं. कागदावरचं उत्तर धातूत तपासण्याचा हा हट्ट आम्हाला फार आवडला.

हेलकावे चालू राहिले तर नळी तापत-निवत थकते, चिरते, पाणी सोडियमला भिडतं, आणि दोघांचं जोरात बिनसतं. स्कॉटलंडमधल्या डौनरे इथल्या अशाच सोडियमच्या अणुभट्टीत 1987 मध्ये कंपनांमुळे गळती सुरू झाली आणि काही सेकंदांत 40 नळ्या गेल्या.

(कंट्रोल रूम)

फीड पंप सुरू झालाय. प्रवाह अजून कमीच आहे. आलेखाची रेघ बघा.