उष्णतेची वाट

इंटेलच्या कोअर आय9-13900के या 2022 सालच्या, संगणकाच्या प्रोसेसरची चिप पाहा. तिचे क्षेत्रफळ सुमारे 257 चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढेच. आणि वेग न वाढवताही ती भाराखाली 253 वॅटपर्यंत वीज घेते. ही जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 100 वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण पाच-सात वॅटच्या आसपास असते.

ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवताना, वेगाबरोबर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर उष्णता सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. ती हवेने काढावी की पाण्याने, असा प्रश्न मग विचारला जातो. माझ्या मते ही दोन नावेच दिशाभूल करणारी आहेत.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा, 2014 साली आलेला एनएच-डी15 हा हवेचा कूलर पाहा. पंख्यांसह वजन 1.3 किलोहून अधिक, उंची 165 मिलिमीटर. त्यातल्या सहा हीट पाइपमध्ये, म्हणजे हवा काढून बंद केलेल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये, थोडासा द्रव असतो आणि तांब्याच्या अशा नळ्यांत तो बहुधा पाणीच असतो. दाब अतिशय कमी असल्याने ते शंभर अंशांच्या बरेच खाली उकळते, वाफ वरच्या धातूच्या पातळ पत्र्यांकडे जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून पाणी पुन्हा खाली ओढले जाते. पंप नाही, हलणारा भाग नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. उलट पाण्याच्या कूलरमधले पाणी उष्णता फक्त वाहून नेते, शेवटी रेडिएटरवर, म्हणजे पातळ पत्रे आणि नळ्यांच्या जाळीवर, ती हवेलाच द्यावी लागते.

फरक पडतो तो ही देवघेव कुठे आणि केवढ्या जागेत होते याने. एनएच-डी15सारखा मनोरा मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच, उभा असतो आणि ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येते; तीन पंख्यांचा 360 मिलिमीटरचा रेडिएटर मात्र संगणकाच्या कॅबिनेटच्या कडेला बसून बाहेरची ताजी हवा घेऊ शकतो. तासन्‌तास रेंडरिंग, म्हणजे चित्रे किंवा व्हिडिओ तयार करण्याचे गणित, चालणाऱ्या, वेग वाढवलेल्या यंत्रासाठी मी तोच निवडेन. पण सिलिकॉनपासून धातूच्या झाकणापर्यंतचा आणि झाकण आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा, अडथळा दोघांनाही सारखाच असतो, म्हणून कूलर बदलूनही तापमान अनेकदा अपेक्षेइतके उतरत नाही.

चाचणी घेताना घाई करू नये. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 4,180 ज्यूल लागतात, त्यामुळे मोठ्या टाकीची जलरचना पहिल्या काही मिनिटांत आहे त्याहून अधिक थंड भासते. खरा आकडा अर्ध्या तासाने कळतो. आणखी एक गोष्ट वर्षांनंतर कळते. पाण्याच्या कूलरच्या नळ्यांच्या भिंतींतून पाणी हळूहळू झिरपून कमी होते, आत हवेचे बुडबुडे जमतात, म्हणून पंप त्या रचनेतला सर्वांत उंच भाग होणार नाही अशी मांडणी करावी लागते. मनोऱ्याचा पंखा बिघडला तर तेवढा पंखा बदलून भागते.

हे दोन्ही कूलर खोलीच्या हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाहीत. 25 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 85 अंशांवर स्थिर राहतो, तो 40 अंशांच्या खोलीत त्याच भाराखाली 100 अंशांवर, म्हणजे 13900केच्या कमाल मर्यादेवर पोहोचतो आणि स्वतःचा वेग कमी करू लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात हा निव्वळ कागदी हिशेब नसतो. तिथे खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरमध्ये पाण्याचे खरोखर बाष्पीभवन होते आणि खोलीतली हवाच काही अंशांनी उतरते. रेडिएटरच्या बंद नळ्यांतले पाणी ते काम करू शकत नाही.