ऑरेगॉनहून आलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून वाढलेल्या गाण्याचा, विषय निघाला की पहिलं नाव येतं नॅशव्हिलचं. मोठ्या कंपन्या तिथे, मोठे स्टुडिओ तिथे. आज आपण तिकडे जाणार नाही. आज जायचंय कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर असलेल्या एका गावात. गावाचं नाव बेकर्सफील्ड. पुन्हा सांगतो, बेकर्सफील्ड. आणि माणसाचं नाव बक ओवेन्स, कंट्री गाणारा. या माणसाच्या आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. पण ती कळायची तर आधी हे गाव थोडं कळायला हवं.

बेकर्सफील्ड म्हणजे कापूस, बटाटा, द्राक्षं आणि तेलविहिरी. 1930 च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा या भागात सलग दुष्काळ पडला. नांगरून उघडी पडलेली जमीन वाऱ्याने उचलली आणि भरदिवसा अंधार करणारी धुळीची वादळं उठली. त्यात महामंदी. शेतं गेली, घरं गेली. दसऱ्यानंतर ट्रकमध्ये संसार भरून साखर कारखान्यांकडे निघालेली बीडकडची कुटुंबं तुम्ही पाहिली असतील. तशीच ही माणसं जुन्या मोटारींच्या टपावर गाद्या बांधून पश्चिमेकडे निघाली. फरक इतकाच, की यांना परत जायला गाव उरलं नव्हतं. कॅलिफोर्नियात त्यांना 'ओकी', म्हणजे ओक्लाहोमावाले, म्हणून हिणवलं गेलं. मजुरीला हवीत, पण शेजाराला नकोत, अशी त्यांची गत होती.

बक ओवेन्सचं घरही त्यातलंच. जन्म 1929 चा, टेक्ससमधल्या शर्मन गावचा. खरं नाव अल्विस. घरच्या शेतावर बक नावाचं एक जनावर होतं, आणि या पोराने तीन-चार वर्षांचा असतानाच जाहीर करून टाकलं की आजपासून माझंही नाव बक. ते कायम राहिलं. 1937 मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलं. अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ गाडीमागच्या ट्रेलरची जोडणी तुटली आणि सगळे तिथेच राहिले. पुढे हंगामाला पीक काढणीसाठी कॅलिफोर्नियात यायचं आणि परत जायचं, असं चालू होतं. लहान बकने कापूस वेचलाय, बटाटे काढलेत. बेकर्सफील्डला तो कायमचा आला 1951 मध्ये, गिटार घेऊन.

तिथे 'ब्लॅकबोर्ड' नावाचा एक बार होता. दिवसभर शेतात आणि तेलविहिरींवर राबलेली माणसं रात्री तिथे यायची. प्यायची, नाचायची, मारामाऱ्या करायची. त्या गोंगाटात बकने अनेक वर्षं रात्रीमागून रात्री वाजवलं. आता विचार करा. अशा जागी मंद व्हायोलिनं आणि मागे गोड कोरस, हे नॅशव्हिलचं त्या काळातलं वळण चालणार कसं? तिथे हवा होता गोंगाट चिरत जाणारा आवाज. तो दिला टेलिकास्टर गिटारने. लाकडाची सपाट फळी, त्यावर तारा, आणि आवाज असा धारदार की दाराबाहेर उभ्या माणसाला चाल कळावी. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती कॅलिफोर्नियातच बनवली, आणि गंमत पाहा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तर टेलिकास्टर, ठणठणीत ड्रम आणि स्टील गिटार, या तिन्हींच्या जोरावर बेकर्सफील्डचा बाज उभा राहिला.

स्टील गिटार तुम्हाला अनोळखी नाही. व्हॅन शिप्लेंच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात, त्यांना तारेवरून घसरत जाणारा तो सूर आठवेल. इकडच्या पेडल स्टीलला पायाखाली पट्ट्या असतात. पट्टी दाबली की नेमकी एखादी तार ताणली जाते आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. म्हणजे एक सूर स्थिर धरून त्याच्या शेजारून दुसऱ्या सुराची मींड घेता येते. 1964 च्या 'टुगेदर अगेन' या बकच्या गाण्यात टॉम ब्रमलीने वाजवलेला तुकडा ऐका. त्या तुकड्यात घाई नाही, करामत नाही. मला तर तो गाण्याच्या शब्दांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणखी एक सांगतो, कारण त्यात रेडिओ आहे. बक आपली गाणी ध्वनिमुद्रित करताना ती मोटारीतल्या छोट्या रेडिओवर कशी ऐकू येतील, याचा विचार करायचा. मध्यम लहरींवर, इवल्याशा स्पीकरमधून खर्ज नीट पोचत नाही. म्हणून तो वरचे स्वर पुढे आणायचा. ऐकणारा कुठे बसलाय, हे त्याला ठाऊक होतं. पुढे 1966 मध्ये त्याने बेकर्सफील्डचं एक रेडिओ केंद्रच विकत घेतलं. विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्याकडे मध्यम लहरी आता जुन्या झाल्या, बंद करा, असं म्हणणारे वाढलेत. मला ते पटत नाही. डोंगराआडच्या वस्तीत, शेतातल्या खोपीत, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथेही पोचणारा आवाज तो. त्यावर लाखो माणसं गाणं ऐकायला शिकली. असो. बकडे परत येऊ.

1963 मध्ये त्याचं 'अ‍ॅक्ट नॅचरली' हे गाणं देशातल्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, पहिल्यांदाच. दोन वर्षांनी तेच गाणं बीटल्सनी केलं, रिंगो स्टारच्या आवाजात. 25 मार्च 1966 रोजी बक न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला. तारीख लक्षात ठेवा, 25 मार्च. कापूस वेचलेल्या हातांनी देशातल्या सर्वांत मानाच्या सभागृहात टेलिकास्टर वाजवली. शेजारी उभा होता त्याचा साथीदार डॉन रिच. गिटार त्याची, फिडल म्हणजे व्हायोलिन त्याचं, आणि बकच्या आवाजाला वरून असा बिलगणारा आवाज की दोन गळे वेगळे काढता येऊ नयेत. 1974 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डॉन रिच गेला, आणि बकचं गाण्यातलं मनच उडालं. हळूहळू त्याने गाणं जवळजवळ थांबवलं. मग 1987 मध्ये ड्वाइट योकम नावाचा तरुण गायक काही न कळवता त्याच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. आज रात्री इथल्या जत्रेत माझा कार्यक्रम आहे, तुम्ही माझ्याबरोबर गा, अशी गळ त्याने घातली. बक त्याच्याबरोबर गेला आणि गायला. दुसऱ्या वर्षी दोघांचं युगुलगीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. समोर येऊन कुणी मागितलं की हा माणूस 'नाही' म्हणत नसे, एवढं ध्यानात ठेवा.

आता ती गोष्ट.

1996 मध्ये बकने बेकर्सफील्डमध्ये 'क्रिस्टल पॅलेस' बांधलं. जेवणाची जागा, नाचायची जागा, मंच आणि त्याच्या आयुष्याचं संग्रहालय, सगळं एका छताखाली. बारच्या वर भिंतीवर आख्खी पाँटियाक मोटार टांगलेली, चांदीची नाणी जडवलेली. शुक्रवारी-शनिवारी रात्री बक स्वतः तिथे गायचा. तोंडाच्या कर्करोगातून तो उठला होता, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती, पुढेही तब्येत धड नव्हती. तरी ठरलेल्या रात्री तो तिथे असे.

24 मार्च 2006, शुक्रवार. बक 76 वर्षांचा. संध्याकाळी तो जरा लवकरच आला आणि आधी जेवला. त्याच्या आवडीचं जेवण होतं चिकन फ्राइड स्टेक. नावात चिकन आहे, पण ते बैलाचं मांस, पिठात घोळवून तळलेलं, वर दाट पांढरा रस्सा. आजारी माणसाला डॉक्टर कधी खाऊ देणार नाहीत असं. पण त्या भागातल्या कष्टकऱ्यांचं हे लाडकं जेवण, आणि बक शेवटपर्यंत त्यांच्यातलाच राहिला.

जेवण झालं. मग त्याने साथीदारांना सांगितलं, आज बरं वाटत नाही, मी गात नाही, तुम्ही चालवा. त्यांनी त्याला आग्रह केला नाही. त्याच्या बँडमध्ये कितीतरी वर्षं की-बोर्ड वाजवणाऱ्या जिम शॉने ही हकीकत पुढे वार्ताहरांना सांगितली, म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे. बक बाहेर पडला आणि गाडीकडे निघाला. घरी जाऊन पडायचं, बस.

वाटेत काही माणसं भेटली. त्यांनी आपली ओळख सांगितली. म्हणाली, आम्ही ऑरेगॉनहून आलोय, तुमचं गाणं ऐकायला.

श्रोतेहो, ऑरेगॉन म्हणजे शेजारचं राज्य, पण नकाशा बघा. त्या राज्याची हद्दच बेकर्सफील्डपासून 700 किलोमीटरहून लांब आहे. एका माणसाचं गाणं ऐकायला एवढा रस्ता तोडून ती माणसं आली होती, आणि तो माणूस गाडीकडे चालला होता.

बक मागे फिरला.

तो आत गेला, मंचावर चढला, आणि लोकांना त्याने सगळं खरं सांगून टाकलं. तब्येत बरी नव्हती, घरीच निघालो होतो, पण इतक्या लांबून कुणी आलंय तर मी गाणार. आवाज कण्हेल, कुरकुरेल, पण जमेल तेवढं करतो, अशा अर्थाचं तो बोलला. आणि मग गायला. एखाददुसरं गाणं म्हणून पाहुण्यांची बोळवण केली नाही. सुमारे दीड तासाचा पूर्ण कार्यक्रम केला.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. सभागृह भरलेलं असताना तासतास उशिरा येणारे कलाकार मी पाहिलेत. गर्दी कमी दिसली म्हणून चार चिजांत आटोपणारेही पाहिलेत. मोठेपणामुळे ते खपून जातं. मला ते कधीच आवडलेलं नाही. माणूस बस बदलून, मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवून, तिकिटाचे पैसे बाजूला काढून गाणं ऐकायला येतो. त्याने केलेल्या प्रवासाचं मोल कलाकाराला कळलंच पाहिजे. बकला ते कळायचं, कारण ब्लॅकबोर्डमध्ये तो अशाच माणसांसमोर वाढला होता. तिथे थकून आलेल्याला नाचवल्याशिवाय परत पाठवायचं नसे.

कार्यक्रम संपला. बक घरी गेला, झोपला. पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

आवडीचं जेवण, लोकांसमोर गाणं आणि मग झोपेत मरण. त्याच्या जवळच्यांनी याचंच समाधान मानलं. आणि तो दिवस कोणता? 25 मार्च. कार्नेगी हॉलच्या त्या मैफलीला त्या दिवशी बरोबर 40 वर्षं पूर्ण झाली होती.

ऑरेगॉनच्या त्या माणसांना घरी परतताना ही बातमी कुठे कळली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वेळ थोडा उरलाय, आणि इथल्याच दुसऱ्या मोठ्या गायकाचं, मर्ल हॅगर्डचं, नाव न घेता बेकर्सफील्ड सोडणं बरं नव्हे. खरं तर त्याच्यावर वेगळं भाषण व्हायला हवं. वडील रेल्वेत कामाला. त्यांनी रेल्वेचा जुना डबा घेऊन त्याचं घर केलं, आणि 1937 मध्ये मर्लचा जन्म झाला तो या घरातला. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पोरगं वाया गेलं, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन पोचलं. तिथे कैद्यांसमोर जॉनी कॅश हा नावाजलेला कंट्री गायक गायला आणि मर्लने ठरवलं की आपणही हेच करायचं. पुढे त्याची 38 गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. बकच्या बँडमध्ये तो थोडे दिवस बास गिटार वाजवत होता, आणि 'बकरूज' हे त्या बँडचं नावही त्यानेच सुचवलेलं. तो गेला 2016 मध्ये, आपल्या 79 व्या वाढदिवशी.

तो रेल्वेचा डबा आता बेकर्सफील्डमध्येच, कर्न काउंटीच्या म्हणजे त्या जिल्ह्याच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. तुमची मुलं-सुना कॅलिफोर्नियात असतील आणि तुम्ही तिकडे जाणार असाल, तर डिस्नेलँडमधला एक दिवस कमी करा आणि उत्तरेला हायवे 99 धरा. डब्यासमोर जरा वेळ उभे राहा. आणि जाता-येता गाडीत बक आणि डॉन रिच लावा, आवाज थोडा मोठा ठेवून.

नमस्कार.