शेवटच्या दोन वर्षांतले नियम

मित्रहो, आज मी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल, म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल बोलणार आहे. या वयात कुणाला नियमच नको असतात, हा समज आधी बाजूला ठेवू या. मानसशास्त्रज्ञ इलियट ट्युरिएल यांनी दाखवून दिलं की मुलं अगदी लहानपणापासून नियमांत फरक करतात. मारणं, चोरी करणं हे कुणी मनाई केली नसती तरी चूकच, असं त्यांना वाटतं. रांग लावणं, हात वर करून बोलणं ही सोयीची व्यवस्था. आणि केस, मित्र, आवडीनिवडी हा ज्याचा त्याचा प्रश्न. वय वाढतं तसा हा तिसरा भाग वाढत जातो; नियमावली मात्र बरेचदा लहान वर्गांचीच राहते. कॉपीच्या नियमावर मुलं सहसा हुज्जत घालत नाहीत. वाजतं ते केसांवरून.

जपानमध्ये ओसाकाच्या एका विद्यार्थिनीला तिचे तपकिरी केस काळे करायला शाळेने पुन्हा पुन्हा लावलं. केस मुळातच तपकिरी आहेत, असं तिचं म्हणणं होतं. ती शाळेत यायची थांबली, तेव्हा वर्गातलं तिचं बाक काढलं गेलं, हजेरीपटावरून नावही गेलं. ती कोर्टात गेली. 2021 मध्ये कोर्टाने केसांचा नियम वैध ठरवला, पण बाक आणि नाव काढल्याबद्दल तिला 3 लाख 30 हजार येन भरपाई देवविली. मला त्या रिकाम्या जागेचं फार वाईट वाटतं. नियम पाळून घेण्याच्या भरात ज्या मुलीसाठी शाळा होती, तीच शाळेबाहेर गेली.

आता उशिराच्या नियमाकडे येऊ. दाराशी वही घेऊन कुणीतरी उभं असतं, तीन लेट मार्क झाले की पालकांना बोलावणं. आपण याला आळस म्हणतो. पण पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. अकराच्या आत झोप लागत नाही आणि पहाटे उठणं जिवावर येतं. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. सिएटल शहराने 2016 मध्ये हायस्कुलांची वेळ 7:50 वरून 8:45 केली. मुलं उशिरापर्यंत जागतील, अशी भीती होती. तसं झालं नाही. मुलांची रोजची झोप साधारण 34 मिनिटांनी वाढली. संशोधकांनी पाहणी केलेल्या दोन शाळांपैकी जिथे गरीब घरांतली मुलं जास्त होती, तिथे उशिरा येणं आणि गैरहजेरी दोन्ही कमी झालं. तिथे शिक्षा वाढवली नव्हती, घंटेची वेळ बदलली होती.

शाळेतून काही दिवस काढून टाकण्याच्या शिक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने 2008 मध्ये कडक, सरसकट शिक्षांचा आढावा घेतला. अशा शिक्षांनी शाळा अधिक सुरक्षित होतात, असा पुरावा या गटाला मिळाला नाही. मागे पडलेलं मूल घरी बसवलं की ते आणखी मागे पडतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात दोन गोष्टी आहेत: मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्यावं, आणि शाळेची शिस्त त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का न लावणारी असावी. वर्षा-दोन वर्षांत ज्यांना मतदानाचा हक्क मिळणार आहे, त्यांना शाळेच्या वेळेबद्दल विचारायला आपण का कचरतो? नवी नियमावली छापायला जाण्याआधी वर्गप्रतिनिधींसमोर ठेवा. प्रत्येक नियमाखाली त्याचं कारण एका ओळीत लिहा. सुरुवात उशिराच्या नियमापासून करा, कारण त्याची नोंद रोज होतेच. बदल केल्यावर काय झालं ते त्याच वहीत दिसेल. मुलांची एखादी सूचना मान्य करता आली नाही, तर ती का नाकारली, हे त्यांना समोर बसवून सांगा आणि त्यांचं उत्तरही ऐकून घ्या.