अंगदुखीची गोळी

आपल्या बेळगाव जिल्ह्यात अंगदुखीच्या गोळ्यांचा हंगाम असतो. जुलैत खानापूरकडे रोप लावणी लागली की तो सुरू होतो. दिवसभर चिखलात वाकून काम, वरून पाऊस; संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. दिवाळीनंतर चिकोडी-निपाणी-अथणीकडे ऊसतोड लागते, तेव्हा तोच हंगाम तिकडे सरकतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना तर हंगाम वगैरे नाही, मान आणि पाठ बारा महिने. मी औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस आहे. समोरून कुणी म्हणतं, "अण्णा, गुडघं लई दुखुलालंय, ती नेहमीची गोळी दे बघू," तेव्हा मला त्या माणसाचा राग येत नाही. उद्याची हजेरी बुडाली तर पगार बुडतो. 'विश्रांती घ्या' हा सल्ला ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो त्याने द्यावा, असं मला वाटतं. म्हणून आज मी गोळी घेऊ नका असं सांगायला आलेलो नाही. घेता ती गोळी कुठली, एवढंच बघू.

वेदनेवरच्या रोजच्या गोळ्यांची ढोबळ दोन घराणी आहेत. एक पॅरासिटामॉल. दुसऱ्या घराण्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन हे सगळे भाऊ. दुकानात नावं भलतीच असतात आणि रोज नवी येतात. शिवाय एकाच गोळीत दोन्ही घराणी घालायची आपल्याकडे पद्धत आहे.

आता हिशेब करा. गुडघ्यासाठी असिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी, तिच्यात पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. दिवसातून दोन, म्हणजे 650. मध्येच सर्दी झाली. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल 500 असतं. दिवसाला तीन, म्हणजे 1500. अंगात कणकण वाटली म्हणून घरातली 650ची गोळी तीन वेळा, 1950. बेरीज 4100. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची वरची मर्यादा 4000 मिलिग्रॅम. रोज दारू पिणारा, अगदी बारीक अंगाचा, किंवा यकृताचा आजार असलेला माणूस असेल तर त्याची मर्यादा याहूनही खाली. यात कुणी वेडेपणा केलेला नाही. तीन त्रासांवर तीन गोळ्या घेतल्या, इतकंच. आत एकच औषध तिन्ही पाकिटांत बसलं होतं.

पाकिटावर ते लिहिलेलं असतं, बारीक इंग्रजीत. पाट्यांच्या भाषेवरून आपल्या जिल्ह्यात केवढं रामायण झालं, पण बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर कन्नडही नाही आणि मराठीही नाही, याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. तेव्हा दुकानदाराला विचारा, "आत काय आहे? पॅरासिटामॉल किती?" आमच्या धंद्यातले पुष्कळ जण चिठ्ठी न बघता डायक्लोफेनॅक देतात. कायद्याने तसं देता येत नाही. निदान प्रश्नाचं उत्तर तरी द्यायला लावा.

पॅरासिटामॉल फार झालं तर पहिल्या दिवशी विशेष काही जाणवत नाही. थोडी मळमळ, एवढंच. यकृताचं नुकसान मागून दिसतं. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या तर त्रास व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता दुसरं घराणं. जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने 1971मध्ये दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. 1982मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही द्रव्यं सूज आणि वेदना वाढवतात, म्हणून ती कमी झाली की बरं वाटतं. पण जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण तीच करतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा टिकवून धरायचं कामही त्यांचंच.

इथे दोन समजुती मोडायला हव्यात. पहिली, 'सुई घेतली तर पोटाला त्रास नाही.' औषध रक्तातून काम करतं. दंडातून गेलं काय नि तोंडातून गेलं काय, जठराचं अस्तर दुबळं होतंच. दुसरी, 'सोबत पित्ताची गोळी घेतो ना!' पित्ताची योग्य गोळी जठराला बऱ्यापैकी सांभाळते. मूत्रपिंडाला तिचा काही उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ऊस तोडणारा माणूस, घामाने निथळलेला, पाणी कमी प्यालेला, आणि खिशात डायक्लोफेनॅक: मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी तर हे घराणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नये. डांबरासारखी काळी शौचाला झाली तर ते पोटातलं रक्त असू शकतं.

गिधाडं कुठे गेली, असं म्हातारी माणसं विचारतात. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे 2004मध्ये सिद्ध झालं. 2006मध्ये जनावरांसाठी ते आपल्याकडे बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण औषध तेच आहे.

पावसाळ्यातल्या तापाचं थोडक्यात सांगतो: डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. सांधेदुखीवर कुणी विनालेबल पुडी दिली आणि दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडे जा. आणि डोकेदुखीवर महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त गोळी लागत असेल, असं काही महिने चाललं असेल, तर डोकं त्या गोळीनेच दुखत असण्याची शक्यता आहे. ती सोडताना आधी दुखणं वाढतं, मग उतरतं.

शेवटी उलट बाजू. गुडघ्यासाठी तीन औषधं आणणारं घर कॅन्सरच्या पेशंटला मात्र 'सवय लागेल' म्हणून मॉर्फिन, म्हणजे जबर वेदनेवरचं अफूपासूनचं औषध, देऊ देत नाही. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होणं विरळा. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. 2014मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं. घरात असा पेशंट असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: इथे मिळतं का, नसेल तर बेळगावात कुठे, की हुबळीला जावं लागेल? आणि सुरू केलं की बद्धकोष्ठ जवळजवळ नक्की होतो, तेव्हा पोट साफ होण्याचं औषधही त्याच दिवशी लिहून घ्या.