बंदुरातली कोठीची खोली

उन्मादावर, म्हणजे मन अनावर उत्तेजित होण्याच्या आजारावर, लिथियमची गोळी लिहून देताना मला हे औषध पुढे आणणारे जॉन केड आठवतात, आणि त्यांच्याइतकाच त्यांचा पहिला रुग्ण. शोधनिबंधात त्याची ओळख डब्ल्यू. बी. या दोन आद्याक्षरांपुरती. आज मला या दोघांबद्दल बोलायचं आहे.

केड यांचा जन्म १९१२ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला. वडील डॉक्टर. पहिल्या महायुद्धाहून ते खचून परतले, स्वतःचा दवाखाना चालवणं झेपेना, म्हणून मनोरुग्णालयात सरकारी नोकरी धरली. बिऱ्हाडही तिथल्याच आवारात. गाव ज्यांना वेडे म्हणून टाळतं, ती माणसं या मुलाला रोजच्या ओळखीची. पुढचं सगळं मला इथूनच सुरू झालेलं दिसतं.

मुलगाही मनोविकारतज्ज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं आणि केड साडेतीन वर्षं चांगीच्या छावणीत जपानी सैन्याचे कैदी होते. सुटून आले ते मेलबर्नजवळच्या बंदुरा इथे, माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात.

तिथे प्रयोगशाळा कुठली! वापरात नसलेली एक कोठीची खोली होती, तिथेच त्यांनी काम मांडलं. थायरॉइडचा स्राव वाढला की माणूस बेचैन होतो, कमी पडला की मंदावतो. मग उन्मादातही शरीरात एखादं द्रव्य वाढत असेल, लघवीवाटे बाहेर पडत असेल, असा त्यांचा तर्क. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये असत. ती लघवी गिनीपिगना टोचून पाहायची. युरिक ॲसिडचा परिणाम तपासायचा होता, पण ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा लिथियमचा क्षार विरघळतो, म्हणून तो घेतला. आणि एरवी बुजरे, सतत हलणारे गिनीपिग शांत झाले. उताणे ठेवले तरी धडपड न करता पडून राहू लागले. कदाचित ती विषबाधेची ग्लानीच असेल, असं आज म्हटलं जातं. पण केड यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं नाही. रुग्णाला देण्याआधी लिथियम स्वतः घेऊन पाहिलं.

२९ मार्च १९४८. डब्ल्यू. बी. तेव्हा ५१ वर्षांचा, पाच वर्षं अखंड उन्मादात. वॉर्डातला सगळ्यात त्रासदायक माणूस. त्याला लिथियम सुरू केलं. जुलैत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. पाच वर्षांनी! मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि १९४९च्या जानेवारीत पुन्हा भरती झाला. आमच्या ओपीडीत हे रोज घडतं, म्हणून हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मे १९५० मध्ये तो गेला, लिथियमच्याच विषबाधेने. केड यांनी औषध थांबवलं.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. जुलाब झाले, घाम फार गेला, मीठ बंद केलं, की शरीर सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात शेतावर राबणाऱ्या माझ्या रुग्णांना मी पाणी-मिठाबद्दल बजावून सांगतो, आणि अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नका म्हणतो, कारण तशा काही गोळ्यांनीही लिथियम अंगात साठतं.

ही विषबाधा टाळण्याची वाट मेलबर्नमध्येच निघाली. तिथल्या विद्यापीठातल्या एडवर्ड ट्राउटनर यांनी सहकाऱ्यांसह रक्तातलं लिथियम मोजत शंभरावर रुग्णांवर उपचार केले, १९५१ साली ते प्रसिद्धही केले. पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू यांनी रीतसर चाचणी घेतली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. रक्तातलं लिथियम मोजणारी ती तपासणी डब्ल्यू. बी.च्या वेळी नव्हती.