कवट्या महाकाळ आणि रुंद पडदा

(काळोख. हळूहळू उजळणारा कवटीचा मुखवटा.)

या मुखवट्याला घाबरून आईच्या पदराआड लपलेली पोरं आज चाळिशी ओलांडून बसलीत. तरीही कवट्या महाकाळ म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात.

साल १९९०. चित्रपट 'धडाकेबाज'. दिग्दर्शक महेश कोठारे. यात मारामारी आहे, गावाला छळणारा मुखवटेधारी कवट्या महाकाळ आहे, आणि बाटलीत राहणारा गंगाराम आहे. हा गंगाराम दिसायला थेट लक्ष्या! अशी गोष्ट सांगून कुणाकडे पैसे मागायला गेलात, तर चहा पाजून परत पाठवतील. कोठाऱ्यांनी ती नुसती पडद्यावर आणली नाही, वर सिनेमास्कोपचा हट्टही धरला.

सिनेमास्कोप म्हणजे काय? कॅमेऱ्यावरची खास भिंग रुंद दृश्य दाबून नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर बसवते. थिएटरात प्रोजेक्टरवरची दुसरी भिंग ते पुन्हा पसरवते. हिंदीत हे 'कागज के फूल'ने १९५९ मध्ये केलं होतं. मराठीला त्यानंतर एकतीस वर्षं लागली, आणि पहिला मान मिळाला तो बाटलीतल्या गंगारामाच्या चित्रपटाला. मला तर यातच खरी गंमत वाटते.

(लक्ष्मीकांत बेर्डे, दुहेरी भूमिकेत.)

आज बघताना काही मारामाऱ्या लांबतात, हे कबूल करायला हवं. पण लक्ष्मीकांत बेर्डे चौकटीत आले की घड्याळाकडे लक्ष जात नाही. संगणकाच्या करामती आपल्याकडे पोहोचण्याआधीचा तो काळ. समोर दुसरा लक्ष्या नसताना त्याच्याशी बोलायचं, दचकायचं, भांडायचं, आणि विनोदाची वेळ अचूक साधायची! दिग्दर्शकालाही हा प्रकार नवा नव्हता. 'राजा और रंक'मध्ये, १९६८ साली, दोन सारख्या दिसणाऱ्या मुलांची दुहेरी भूमिका करणारा बालकलाकार म्हणजे हाच महेश कोठारे.

मग पुढे काय झालं?

लक्ष्मीकांत हिंदीत गेले. 'मैंने प्यार किया' आधीच गाजला होता, पुढे 'साजन', 'हम आपके हैं कौन' आले. तिकडे त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा नायकाचा मित्र नाहीतर घरातला नोकर आला. मराठीत ज्याच्या नावावर थिएटरं भरायची, त्याला हिंदीने एवढंच दिलं, ही सल अनेक मराठी प्रेक्षकांना आजही आहे. १६ डिसेंबर २००४ ला ते गेले. वय अवघं पन्नास.

'धडाकेबाज'मधल्या अश्विनी भावे १९९१ मध्ये 'हिना'त दिसल्या, नंतर अमेरिकेत स्थायिक झाल्या, पण अधूनमधून मराठी चित्रपट करत राहिल्या.

कोठाऱ्यांनी १९९३ मध्ये 'झपाटलेला' केला. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. वीस वर्षांनी 'झपाटलेला २' आला तो थ्रीडीत. हट्ट गेलेला नव्हता! मात्र लक्ष्या नव्हता, आणि ती पोकळी कुठल्याही चष्म्यातून भरून निघत नाही.

मराठीत सर्वांत रुंद पडदा मागणारा हा माणूस सर्वांत लहान पडद्याकडे वळला. 'जय मल्हार' मालिकेतला त्यांच्या संस्थेचा खंडोबा रोज संध्याकाळी घराघरांत पोचला.

(कोरडी विहीर. रिकामे हंडे.)

त्यांचा मुलगा आदिनाथ, 'माझा छकुला'तला छकुला, दिग्दर्शक झाला. त्याच्या पहिल्याच 'पाणी' या चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो चित्रपटगृहात यायला २०२४ उजाडलं. वडिलांच्या चित्रपटात गावाला छळायला मुखवटा लागला होता. मुलाच्या चित्रपटात मराठवाड्यातलं गाव आहे, आणि त्याला छळतोय तो दुष्काळ.

(पार्श्वसंगीत : 'ही दोस्ती तुटायची नाय'. काळोख.)